पदक उभं छापावं की आडवं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

कलापदकं आणि धातूचं थ्रीडी प्रिंटिंग या विषयावर आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे ७० मिलिमीटर व्यासाचं आणि ५ मिलिमीटर जाडीचं पदक धरलं आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतील.

प्रश्न : मी मातीत पदकं घडवतो, प्लॅस्टरचा साचा काढतो आणि ब्राँझमध्ये ओतून घेतो. आता थेट धातूत छापून घ्यावं का? ओतकामापेक्षा त्यात वेगळं काय मिळेल?

दर्शनी बाजूला चेहऱ्याचा साधा उठाव, मागे चार ओळींचा मजकूर आणि धातू ब्राँझच, असं तुमचं पदक असेल तर छापू नका. पिसानेलोनं १४३८च्या सुमारास बायझंटाइन सम्राट आठव्या जॉनचं पदक केलं, ते ओतलेलं होतं. त्या जातीच्या पदकाला ओतकामातून जो मऊ पृष्ठभाग मिळतो, तो भुकटीतून मिळवायला हातानं बरंच घासावं लागतं. शेकड्यांनी प्रती काढायच्या असतील तर डाय (धातूचा ठसा) आणि तो दाबून पदक ठोकणाऱ्या प्रेसला पर्याय नाही. मात्र ठोकलेल्या पदकाला एक बंधन असतं. उठाव ठशातून सरळ वर सुटला पाहिजे, त्यामुळे आत वळणारी कड चालत नाही.

थेट छपाईचा उपयोग कुठे? दर्शनी बाजूतून मागचं काही दिसायला हवं असेल, पदकाच्या पोटात जाळी हवी असेल, जोड न देता फिरणारी कडी हवी असेल किंवा वीस प्रती वीस वेगळ्या हव्या असतील तिथे. यातलं एकही तुमच्या कल्पनेत नसेल, तर यंत्र तुम्हाला फक्त खडबडीत पृष्ठभाग देईल.

मधला एक रस्ता आहे आणि पुष्कळांना तोच पुरेसा ठरतो. पदक मेणात किंवा जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये छापायचं आणि नेहमीच्या मेणसाच्याच्या पद्धतीनं ओतायचं. ओतल्यावर धातू थिजताना दीड ते दोन टक्के आकसतो, तेवढी वाढ फाइलमध्ये आधीच द्यायची. ‘चांदीत छापून मिळेल’, ‘ब्राँझमध्ये छापून मिळेल’ असं म्हणणारे बरेचजण प्रत्यक्षात हेच करतात. त्यात फसवणूक नाही, पण बारकावे, वजन आणि पृष्ठभाग सगळंच बदलतं. म्हणून काम देताना पहिला प्रश्न हा विचारा : भुकटी थेट वितळवता, की मेण छापून ओतता?

पुढच्या उत्तरांत ‘छपाई’ म्हणजे लेझरनं भुकटी थराथरानं वितळवण्याची पद्धत, असं समजावं. आर्गॉन भरलेल्या कोठीत १५ ते ४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांची भुकटी पाटीवर पसरली जाते, लेझर हवा तेवढाच भाग वितळवतो, पाटी एका थराइतकी खाली जाते आणि पुन्हा भुकटी पसरली जाते.

प्रश्न : छापून आलेल्या पदकावर गाल, कपाळ आणि पार्श्वभूमीवर नकाशातल्या समोच्चरेषांसारखी वळणं दिसतात. फाइल तर गुळगुळीत होती. थर ३० मायक्रॉनचाच होता, असं छापणारे सांगतात. मग बिघडलं कुठे?

पदक आडवं छापलं गेलं, तिथे.

हिशेब सोपा आहे. थर ३० मायक्रॉनचा असेल तर ४५ अंशांच्या चढावर प्रत्येक पायरीची रुंदीही ३० मायक्रॉन. ती डोळ्याला दिसत नाही. चढ १० अंशांचा झाला की पायरी ०.१७ मिलिमीटर रुंद होते. ३ अंशांवर ती ०.५७ मिलिमीटर होते, म्हणजे चक्क रेघ. चढ जितका हळुवार तितकी पायरी ठळक, आणि पदकात गाल, कपाळ आणि पार्श्वभूमी यांचेच चढ सगळ्यात हळुवार. थर २० मायक्रॉनचा केला तरी ३ अंशांवर पायरी ०.३८ मिलिमीटर उरतेच. रेषा जवळजवळ येतात, जात नाहीत. घासून घालवायच्या म्हटल्या तर पापणी आणि ओठाची कडही त्यांच्याबरोबर जाते.

म्हणून पदक कडेवर उभं छापावं. मग चेहऱ्याची बाजू ही उभी भिंत होते आणि उठावाची रेषा प्रत्येक थरात लेझर स्वतः आखतो. तो काही मायक्रॉननं पुढेमागे सरकू शकतो, त्यामुळे पायऱ्या उमटत नाहीत. उरतो तो सगळीकडे सारखा, बारीक वाळूसारखा खरखरीतपणा. त्याचं माप साधारण ६ ते १२ मायक्रॉन भरतं. दोन्ही बाजू एकसारख्या निघतात हा दुसरा फायदा. आडव्या छपाईत मागची बाजू एकतर पाटीला चिकटते किंवा तिला सपोर्टचे, म्हणजे खालून दिलेल्या आणि नंतर तोडायच्या धातूच्या टेकूंचे, व्रण पडतात. त्यामुळे दोन्ही अंगांनी घडवलेलं पदक आडवं छापणं मुळातच गैरसोयीचं आहे.

याची किंमत वेळेत मोजावी लागते. ३ मिलिमीटर उठाव धरून आडव्या पदकाची उंची ८ मिलिमीटर, म्हणजे २६७ थर. उभ्याचे २,३३३. एकदा भुकटी पसरायला १० सेकंद धरले, तर आडव्याला नुसत्या पसरण्यात पाऊण तास जातो आणि उभ्याला साडेसहा तास. पण उभी पदकं फळीवरच्या पुस्तकांसारखी ओळीनं मावतात आणि पसरण्याचा वेळ सगळ्यांत वाटला जातो. एकच प्रत काढणाऱ्याला हे महाग पडतं, दहा काढणाऱ्याला नाही.

उभ्या छपाईचे स्वतःचे नियम आहेत. क्षितिजाशी ४५ अंशांपेक्षा कमी कोन करणाऱ्या खालच्या पृष्ठभागाला आधार लागतो. उभ्या चकतीत तो भाग म्हणजे तळाचा पाव परीघ, सरळ रेषेत मोजला तर जवळजवळ ५० मिलिमीटर. तिथे कडेवर मजकूर किंवा नक्षी ठेवू नये आणि कानशीसाठी ०.५ मिलिमीटर जादा धातू सोडावा. त्याहून चांगलं म्हणजे तळाला मुद्दाम सपाट बैठक द्यावी. सपोर्ट कमी लागतात आणि पदक पुढे टेबलावर उभंही राहतं.

हनुवटीखालचा भाग, नाकपुडी, कानाची पाळी हे सगळे बारीक छज्जे असतात. एक मिलिमीटरपर्यंतचा छज्जा आधाराशिवाय निभतो, पण त्याच्या पोटाशी वितळलेल्या धातूचे थेंब लोंबतात. बाजूचा चेहरा असेल तर यावर एक युक्ती आहे : छापताना पदक त्याच्याच पातळीत ९० अंश फिरवावं, म्हणजे नाक, ओठ, हनुवटी छताकडे आणि मान जमिनीकडे. खरखरीतपणा सगळा मानेवरच्या केसांत जातो, आणि केसांत तो शोभतो. पदकाला उंच काठ असेल तर त्याची वरची आतली कड खाली पाहते. तिला सरळ भिंत न देता ४५ अंशांचा उतार द्यावा.

आणखी दोन गोष्टी छापणाऱ्याला सांगून ठेवाव्यात. पदकाची सपाट बाजू भुकटी पसरणाऱ्या पात्याला समांतर ठेवू नये, १० ते ३० अंश तिरकी ठेवावी. नाहीतर पातं सगळ्या लांबीला एकदम धडकतं आणि थर उचकटतो. आणि चकतीची जाडी २ मिलिमीटरच्या खाली गेली तर वर वर चढताना ती पात्याच्या धक्क्यानं डुलते, तिच्या वरच्या भागावर लाटा उमटतात. ३ मिलिमीटर ही सुरक्षित किमान जाडी.

हे सगळं घडवायला बसण्याआधी ठरवायचं. उजेड कुठून येणार हे ठरवून जशी मातीला सुरुवात करतो, तसं इथे ‘वर’ कुठली बाजू हे आधी ठरलेलं हवं. तयार फाइल नंतर यंत्रात कशीही फिरवता येईल, पण तिच्यातले छज्जे त्यामुळे बदलत नाहीत.

प्रश्न : पदकाच्या काठावर गोलाकार देवनागरी मजकूर दिला होता. ‘ष’ आणि ‘ध’ यांची पोकळी भरून आली, दोन अनुस्वार उडाले, आणि वरच्या ओळीत उकार एकमेकांत घुसले. रोमन अक्षरं त्याच आकारात नीट आली होती.

रोमन अक्षर एकटं उभं असतं. देवनागरी अक्षराला वर शिरोरेषा, तिच्यावर मात्रा, खाली उकार, आणि पोटात गाठ. तेवढ्याच उंचीत तिप्पट गर्दी होते, म्हणून रोमनचे नियम इथे उचलू नयेत.

लेझरनं वितळलेली एक रेघ साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर रुंद होते आणि तिच्या कडेला अर्धवट वितळलेले कण चिकटतात. उठावातल्या अक्षराची रेघ ०.४ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, ०.५ असली तर निर्धास्त. दोन रेघांमधली फटही ०.५ हवी, कारण फट दोन्ही बाजूंनी भरत येते. रेघ आणि फट दोन्ही ०.५ धरली तर ‘ष’, ‘क्ष’ यांसारखी अक्षरं मात्रा सोडून ४ मिलिमीटर उंचीच्या खाली मोकळी राहत नाहीत. उठावाची उंची ०.५ ते ०.६ पुरे, आणि कडांना १० ते १५ अंशांचा उतार द्यावा. जाड-बारीक वळणांचा बोरूचा टाइप टाळावा, सारख्या जाडीचा घ्यावा.

अनुस्वार हा सुटा ठिपका. त्याचा व्यास ०.८ मिलिमीटरहून कमी असेल तर सफाईसाठी दाबानं केलेल्या काचमण्यांच्या माऱ्यात तो उडतो. तळाला रुंद आणि वर निमुळता असा छोटा ढीग करावा, नुसता दंडगोल नव्हे. ‘द्ध’, ‘ट्ट’, ‘ड्ढ’ अशी एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं भरून येणारच. पाय मोडून शेजारी शेजारी लिहावीत, किंवा सरळ शब्द बदलावा.

गोलाकार ओळीचं गणित वेगळंच आहे. वरच्या अर्ध्या वर्तुळात शिरोरेषा बाहेरच्या मोठ्या वर्तुळावर येते आणि अक्षरांचे पाय केंद्राकडे. शिरोरेषेची त्रिज्या ३१ आणि अक्षर ४ मिलिमीटरचं असेल तर पायांशी जागा जवळजवळ १३ टक्के कमी होते. तुमचे उकार तिथेच भांडले. खालच्या अर्ध्यात, वाचता येईल असा मजकूर लावला की उलटं होतं. शिरोरेषा आतल्या लहान वर्तुळावर, पाय बाहेर, आणि पायांत सुमारे १५ टक्के मोकळं पडतं. म्हणून वरच्या आणि खालच्या ओळीला अक्षरांमधलं अंतर एकच देऊ नये. वर सैल, खाली घट्ट. शिरोरेषा मात्र दोन्हीकडे वर्तुळाचा खरा चाप असावी. अक्षरागणिक सरळ तुकडे जोडले तर कंगोरे दिसतात.

फाइलमध्ये एक सापळा असतो. देवनागरी टाइपात प्रत्येक अक्षराची शिरोरेषा पुढच्या अक्षरावर किंचित चढलेली असते. अक्षरं तशीच उचलून त्रिमितीत ओढली तर ती एकमेकांत घुसलेली राहतात. काही सॉफ्टवेअर अशा दुहेरी भागाला पोकळी समजतात आणि प्रत्येक जोडावर शिरोरेषा तुटते. सगळ्या आकृत्या आधी एकजीव करून घ्या, मग फाइल काढा.

प्रश्न : छायाचित्रावरून आपोआप उठाव करून देणारं सॉफ्टवेअर वापरलं. पडद्यावर छान दिसलं, पदकात पांढरे केस डोंगरासारखे वर आले आणि भुवयांचे खड्डे झाले.

सॉफ्टवेअरनं उजळपणा म्हणजे उंची असं धरलं. पांढरे केस उजळ, म्हणून उंच. भुवई काळी, म्हणून खोल. छायाचित्रात उजेड आहे, खोली नाही. छायाचित्र खाली ठेवून ब्लेंडर किंवा झीब्रश अशा त्रिमितीत घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं घडवणं हाच मार्ग. मातीत केलेलं मूळ असेल तर ते स्कॅन करणं सगळ्यात उत्तम.

उंचीचा नकाशा (राखाडी छटांतून उंची सांगणारं चित्र) वापरायचाच असेल तर तो १६ बिटचा असावा. ८ बिटमध्ये उंचीच्या पायऱ्या २५६च मिळतात. ३ मिलिमीटर उठावात एक पायरी १२ मायक्रॉनची होते. ती खरखरीत पृष्ठभागात लपते, पण आरशासारखं पॉलिश केलेल्या हळुवार चढावर पट्टे होऊन वर येते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या असतात.

०.२ मिलिमीटरहून बारीक पोत देण्यात अर्थ नाही, सफाईत तो पुसला जातो. केस एकेक न काढता बटांनी काढा आणि बटांमधली खोली मातीत द्याल त्यापेक्षा थोडी जास्त द्या. जिथे चकचकीत पॉलिश हवं, तिथे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर धातू जादा ठेवा.

प्रश्न : धातू कोणता निवडावा? तांबं आणि चांदी थेट छापता येत नाहीत, असं ऐकलं.

येतात, पण त्रासानं. नेहमीच्या यंत्रातला लेझर अवरक्त असतो. तांबं आणि चांदी त्याचा बराचसा प्रकाश परतवतात, आणि जी उष्णता आत शिरते ती झपाट्यानं आजूबाजूला पसरवतात. धातू पुरता वितळत नाही, पोटात छिद्रं राहतात. हिरव्या लेझरची यंत्रं हे काम चांगलं करतात. १० टक्के कथिल असलेलं ब्राँझ शुद्ध तांब्यापेक्षा पुष्कळ सोपं जातं. चांदीसाठी मेण छापून ओतणंच शहाणपणाचं.

पदक हातात घेतलं जातं, म्हणून वजनाचा विचार रंगाइतकाच करावा. आपल्या पदकाची नुसती चकती १९.२ घन सेंटिमीटर भरते. ती अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत सुमारे ५१ ग्रॅम, टायटॅनियममध्ये ८५, ३१६एल या स्टेनलेस स्टीलमध्ये १५३, ब्राँझमध्ये १६९ आणि स्टर्लिंग चांदीत २०० ग्रॅम होते. अ‍ॅल्युमिनियमचं पदक हातात घेतल्यावर पोकळ वाटतं. विषयच हलकेपणाचा, पक्ष्याचा किंवा वाऱ्याचा असेल तर ते चालेल, एरवी खेळण्यासारखं भासतं. पहिल्या प्रयोगाला आम्ही ३१६एल सुचवतो. तो फारसा वाकत नाही, गंजत नाही आणि चुका पोटात घालतो.

प्रश्न : जाळीच्या पोटाचं पदक छापलं, हलवलं की आतून भुकटी गळते. आणि सोबत छापलेली फिरती कडी फिरतच नाही.

बंद पोकळीतली भुकटी कुठे जाणार? पोकळीला निदान दोन छिद्रं हवीत, एकमेकांच्या समोर, ३ मिलिमीटरहून मोठी. एका छिद्रातून भुकटी अडकत अडकत येते, दुसऱ्यातून हवा आत गेली तर वाहते. पदकात ही छिद्रं लपवायला जागा पुष्कळ असते : डोळ्याची बाहुली, अक्षराची गाठ, काठावरची नक्षी.

भुकटी उरली की नाही हे वजनावरून कळतं. फाइलमध्ये घनफळ १४ घन सेंटिमीटर दिसत असेल तर स्टीलचं पदक १११ ग्रॅमच्या आसपास भरलं पाहिजे. काटा १३० दाखवत असेल तर पोटात चार-पाच घन सेंटिमीटर भुकटी बसली आहे. ती भट्टीत जाण्याआधी काढली पाहिजे, कारण तापलं की कण एकमेकांना चिकटतात आणि मग काहीही केलं तरी निघत नाहीत.

कडी अडकली याचं कारण बहुधा फट. हलत्या भागांत ०.३ ते ०.५ मिलिमीटर मोकळं ठेवावं लागतं. फट ०.२ असेल तर कडेचे कण दोन्ही भागांना जोडून टाकतात. फट बरोबर असूनही अडकली असेल तर आत सपोर्ट उभे राहिले असणार आणि तिथे हत्यार पोचत नाही. कडीचा छेद गोल न ठेवता शंकरपाळ्याच्या आकाराचा ठेवला तर खालची बाजू ४५ अंशांत येते आणि सपोर्ट लागतच नाही.

प्रश्न : टायटॅनियमचं पदक पाटीवरून कापल्याबरोबर वाकलं. का?

भट्टीत न घालता कापलं म्हणून. प्रत्येक थर थिजताना आकसतो आणि खालच्या थराला ओढतो. हा ताण पाटीनं धरून ठेवलेला असतो. आधी पाटीसकट तापवायचं, मग वायरकटवर (विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्या यंत्रावर) कापायचं. टायटॅनियमला निर्वात किंवा आर्गॉनच्या भट्टीत ६५० ते ८०० अंश सेल्सिअसवर सुमारे दोन तास, सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमला ३०० अंशांवर दोन तास. उघड्या हवेत टायटॅनियम तापवलं तर पृष्ठभाग ठिसूळ होतो.

प्रश्न : बाइंडर पद्धतीनं छापून भट्टीत भाजलेलं पदक ७० ऐवजी ६७.७ मिलिमीटरचं आलं. आकसणं १८ टक्के, म्हणून मी फाइल १८ टक्के मोठी केली होती.

टक्केवारीनं दगा दिला. १८ टक्के आकसून ७० उरायचं तर ७० ला ०.८२ नं भागायचं, म्हणजे ८५.४ मिलिमीटर. तुम्ही ८२.६ केलं. मुळात ही वाढ छापणारा स्वतःच देतो, तुम्ही अंतिम मापाची फाइल द्यायची. देताना ‘हे अंतिम माप आहे’ असं लिहून द्या, नाहीतर वाढ दोनदा होते.

या पद्धतीत भुकटी डिंकासारख्या द्रवानं चिकटवलेली असते, लेझर नसतो, म्हणून छपाईत सपोर्टची कटकट जवळजवळ नाही. सगळी परीक्षा भट्टीत. एक टक्का इकडेतिकडे होतोच. ३ मिलिमीटरची चकती आणि तिच्यावर अचानक १० मिलिमीटरचा उठाव असेल तर दोन्ही वेगवेगळ्या गतीनं आकसतात आणि सांध्यावर तडा जातो. जाडी हळूहळू वाढवा.

प्रश्न : स्टीलच्या पदकावर गंधकाचं पॅटिना (रसायनानं आणलेला रंगाचा थर) चढत नाही. ब्राँझवर चढतं, पण डाग पडतात. टायटॅनियमचे रंगही हवे तसे येत नाहीत.

लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे हे गंधकाचं रसायन, तांबं, ब्राँझ आणि चांदीवर काम करतं. स्टेनलेस आणि टायटॅनियमला ते ओळखतच नाही. स्टीलवर ब्राँझचा आव आणायचाच असेल तर आधी निकेलचा पातळ स्ट्राइक (पकड देणारा पहिला मुलामा), त्यावर तांब्याचा मुलामा आणि मग पॅटिना. स्ट्राइक वगळला तर तांबं सालीसारखं सुटतं. आमचं मत विचाराल तर स्टील स्टीलसारखंच दिसू द्यावं. काचमण्यांच्या माऱ्यानं सगळं मंद करून फक्त उंचवटे हातानं पॉलिश केले तर उठाव आपोआप बोलतो. खोलगट भागात काळा तैलरंग भरून वरचा पुसून घेतला तर अक्षरंही वाचता येतात.

छापलेल्या ब्राँझवर डाग पडतात, कारण अर्धवट वितळलेल्या कणांच्या फटींत रसायन साठतं आणि नंतर पाझरतं. आधी पृष्ठभाग एकसारखा करा : १०० ते २०० मायक्रॉनच्या काचमण्यांचा ३ ते ४ बार दाबानं मारा, मग पितळी ब्रश, मग तेलकटपणा पूर्ण काढणं. बोट लागलं की तिथे डाग ठरलेला. रसायन पातळ आणि कोमट घ्यावं, एकदाच गडद करण्यापेक्षा चार-पाच वेळा बुडवून रंग चढवावा. नंतर पाणी बदलत बदलत भरपूर धुवावं, ६० ते ८० अंशांवर पूर्ण वाळवावं आणि कोमट असतानाच मेण लावावं.

टायटॅनियमवरचा रंग हा रंग नव्हे, ऑक्साइडच्या पारदर्शक थरातून परतणाऱ्या प्रकाशाचा खेळ आहे. पदक द्रावणात बुडवून वीज दिली की हा थर वाढतो (अ‍ॅनोडायझिंग), आणि त्याची जाडी व्होल्टवर ठरते. साधारण ३० व्होल्टला आकाशी, ५५ ते ६० ला सोनेरी पिवळा, १०० च्या जवळ हिरवा. खरा लाल मिळत नाही, त्याचा हट्ट धरू नये. एकाहून जास्त रंग हवे असतील तर सर्वांत जास्त व्होल्टचा रंग आधी चढवावा, पुढच्या रंगाची जागा खरवडून काढावी आणि कमी व्होल्ट लावावा. कमी व्होल्टला आधीच जाड झालेला थर बदलत नाही. उलट क्रमानं गेलात तर दुसरा रंग पहिल्याला गिळतो. ५० व्होल्टच्या पुढे डीसी विजेचा धक्का जिवावर बेतू शकतो. रबरी हातमोजे घालूनच काम करावं, आणि पदक हलवण्याआधी वीज बंद.

प्रश्न : छापून आलेलं पदक घरी साफ केलं तर चालेल का?

कानस, पॉलिश पेपर, बफ हे सगळं घरी चालेल. सुटी भुकटी झटकणं चालणार नाही. ते छापणाऱ्याकडेच करून घ्या. कण इतके बारीक असतात की श्वासातून फुप्फुसात जातात. टायटॅनियम आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी हवेत उडाली की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो. घरचा व्हॅक्युम क्लीनर वापरणं म्हणजे ठिणगीची सोय करणं. अशा आगीवर पाणी ओतायचं नसतं, धातूच्या आगीसाठीची ‘डी’ वर्गाची कोरडी पूड लागते. या धातूंवर बफ चालवताना उडणारी धूळही साचू देऊ नये.

प्रश्न : वीस प्रतींची मालिका काढायची आहे. क्रमांक नंतर कोरावा की फाइलमध्येच द्यावा?

फाइलमध्येच. यंत्राला वीस सारख्या आणि वीस वेगळ्या आकृत्या छापायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून नुसता क्रमांक बदलून थांबण्यापेक्षा चेहऱ्याची मान, जाळीची वीण किंवा ढगाची जागा प्रतीगणिक बदलता येईल का ते पाहा. डायला हे जमत नाही. प्रत्येक फाइलबरोबर मिश्रधातू, थराची जाडी, ‘वर’ कुठली बाजू आणि सफाईचा क्रम लिहून ठेवा. पाच वर्षांनी एखादी प्रत पुन्हा काढायची वेळ आली तर फाइल एकटी पुरत नाही. क्रमांकाचे अंक ३ मिलिमीटर उंच, रेघ आणि खोली ०.५. तळाच्या सपोर्टच्या पाव परिघात मात्र ते ठेवू नका, कानशीत सगळ्यात आधी तेच जातील.